कडूबाईची जीप खिंड चढते

हिवरदऱ्याच्या खिंडीत, चपट्या खडकाजवळ, कडूबाईची जीप त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उभी राहिली. मे महिना होता आणि दुपारचे साडेचार वाजले होते. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती, मागं ओल्या गोणपाटाखाली दुधाचे अकरा कॅन तापत होते. कडूबाई खाली उतरली, चाकाला दगड लावला आणि खडकाच्या सावलीत टेकली. रेडिएटरच्या झाकणाला तिनं हात लावला नाही. पहिल्या वर्षी घाईघाईत उघडलं होतं, त्याचा डाग अजून मनगटापासून कोपरापर्यंत होता.

गाडी निवायला सव्वा तास लागला. खिंड उतरून ती डांबरी रस्त्यावरच्या दूध केंद्रावर पोचली, तेव्हा टँकर निघायच्या बेतात होता. केंद्र साहेबराव चालवायचे. पन्नाशीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारे. त्यांनी चाचणीची नळी उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. दूध फाटलं होतं. पहिला कॅन गेला, दुसरा गेला, अकराच्या अकरा गेले.

हे महिन्यात दुसऱ्यांदा झालं. साहेबरावांनी खुर्ची पुढं ओढली आणि शांतपणे सांगितलं, की वरून त्यांनाही बोलणी बसतात, असं नासकं दूध आलं तर हिवरदऱ्याचं खातं बंद करावं लागेल. त्यांच्याकडं उपाय होता. त्यांचा पिकअप रोज खिंडीच्या माथ्यापर्यंत येईल. वाडीनं कॅन माथ्यावर आणून द्यायचे.

"आणून द्यायचे म्हंजे कुणी?" कडूबाईनं विचारलं.

"आधी जसे आणत होते तसे. पंधरा-वीस वर्षांमागं काय गाडी होती का तुमच्याकडं?"

कडूबाईनं नासलेला कॅन बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आमच्या बायांच्या डोक्यावर आता कॅन चढणार न्हाई, साहेबराव. मला आठ दिवस द्या. गाडी बराबर करून आणते."

साहेबरावांनी आठ दिवस दिले. देताना जरा हसले.

आधी दूध कसं यायचं हे कडूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. हिवरदरा ही भोकरदन आणि जाफराबादच्या मधल्या डोंगरातली वाडी, तीस-पस्तीस उंबऱ्यांची. मूळचे मेंढरं राखणारे लोक, पुढं दोन-दोन एकर कापूस आणि दावणीला म्हशी आल्या. वाडी खोलगट जागेत, चारी बाजूंनी टेकड्या. बाहेर पडायचं तर खिंड चढावीच लागते. कडूबाई सतराव्या वर्षी इथं लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच आठवड्यात सासूनं तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. वीस लिटरचा कॅन, दोन वेळा, वर चढ. एकवीस वर्षं. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं होतं, देवालाही गोड लागू नये म्हणून. ती टिकली. पण वाडीतल्या कित्येक बायांच्या माना टिकल्या नाहीत. शेजारची गोजरबाई साठीतच अशी झाली की आभाळ बघायचं तर तिला आडवं व्हावं लागायचं.

मग एका वर्षी कडूबाईच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, मिलिटरीच्या लिलावातून निघालेली जुनी फोर व्हील जीप आणली. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. जीप मात्र पहिल्याच दिवशी लो गिअरमध्ये खिंड चढली, आणि त्या दिवसापासून वाडीतल्या चुंबळी खुंटीला गेल्या. पुंजारामनं नऊ वर्षं गाडी चालवली. पुढं साखरेनं त्याच्या डोळ्यांवर पडदा आणला. त्याला नाल्यातले दगड दिसेनासे झाले तेव्हा गाडी विकायची बोलणी सुरू झाली आणि कडूबाई सत्तेचाळिसाव्या वर्षी स्टेअरिंगवर बसली. शेजारच्या सीटवर पुंजाराम बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, आता क्लच, आता सोड. जालन्याला लायसन काढायला गेली तेव्हा रांगेतली पोरं हसली. आठचा आकडा तिनं पहिल्या दमात काढला.

तेव्हा साहेबराव "आधी जसे आणत होते तसे" म्हणाले, ते तिच्या मानेतच कुठंतरी जाऊन बसलं.

वाडीत येऊन तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की आठ दिवस दुधाचा खवा करा, गाडी दुरुस्त होऊन येते. बाया तयार झाल्या. पुरुषांतले काही कुरकुरले. सोमेश्वर नावाचा एक तरुण गडी, त्याच्या चार म्हशी होत्या, म्हणाला की भट्टीपुढं बसण्यापेक्षा माथ्यावर कॅन नेणं काय वाईट. कडूबाईनं त्याला विचारलं, "तू नेशील का?" तो उठून म्हशींकडं गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं जीप भोकरदनला वसंताच्या गॅरेजवर नेली. वसंता हा तालुक्यातला नावाजलेला मिस्त्री, हाताचा खरा, पण आधी बोलून मग गाडीकडं बघणारा. त्यानं इंजिन चालू करायला लावलं, कान दिला आणि निकाल दिला: इंजिन बसलंय, पिस्टनपासून काम निघेल, त्यापेक्षा भंगारात घाला.

कडूबाई म्हणाली, "इंजिन बसलं असतं तर सपाटीवरबी तापलं असतं ना? भोकरदनच्या रस्त्याला तापाचा काटा निम्म्यावर जात न्हाई. खिंडीतच चढते."

"मावशी, चढाला जोर लागतो, म्हणून चढतो."

"आन्व्याच्या चढालाबी जोर लागते. तिथं पळवत नेते, तर न्हाई तापत. जिथं हळू चालते तिथंच तापते."

वसंतानं पान्हा खाली ठेवला. "तीस वर्षं गाड्या खोलून राह्यलो मी. तुम्ही दूध घाला, मावशी. हे राहू द्या."

कडूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, बॉनेट स्वतःच्या हातानं लावलं आणि जीप तशीच जालन्याच्या रस्त्याला घेतली. वाटेत ती काट्यावर नजर ठेवून होती. पन्नासच्या वेगाला काटा मुकाट खाली. राजूरच्या अलीकडं रस्त्यात मेंढरं आडवी आली, गाडी दहा मिनिटं रांगत चालली, तेव्हा काटा उठला. मेंढरं सरली, वारा लागला, काटा पुन्हा बसला. तिला आता कुणाला विचारायची गरज राहिली नव्हती. गाडीला वारा कमी पडत होता.

जालन्यात लेकीनं, वंदनानं, तिला जुन्या मोंढ्याकडच्या जब्बारचाचांकडं नेलं. सत्तरीतला माणूस, आयुष्यभर नुसते रेडिएटर केलेला, बोटं डाग देऊन देऊन काळी झालेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "अम्मा, इसको बुखार कब आता, वो पैले बताव."

कडूबाईनं खिंड सांगितली, सपाटी सांगितली, मेंढरं सांगितली. चाचांनी मान हलवली आणि एकही प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांनी रेडिएटर उतरवून उन्हात धरला तर निम्म्या नळ्या खाऱ्या पाण्याच्या क्षारानं बुजलेल्या होत्या, खालची जाळी नाल्याच्या चिखलानं लिंपल्यासारखी झाली होती. शिवाय पंख्याचं एक पातं झिजलेलं आणि पंखा जाळीपासून वीतभर मागं. चाचांनी तिला हात ठेवून दाखवलं: पंखा गार हवा ओढतच नाही, स्वतःभोवतीची गरम हवाच घोळवत बसतो. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा काम भागवतो. खिंडीत वारा कुठून येणार?

इंजिन बसलेलं नाही, हे ऐकून तिला आनंद झाला म्हणावा तर तसंही नव्हतं. तिला वसंताचा तो खाली ठेवलेला पान्हा आठवला आणि राग आला.

काम दोन दिवस चाललं. चाचांनी जुन्या दोन पदरी जाळीच्या जागी चार पदरी पितळी जाळी बसवली. ती जाड म्हणून पुढची पट्टी कापावी लागली. पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून टाकला आणि भंगार बाजारातून एका मोठ्या डिझेल गाडीचा करंटवर चालणारा पंखा आणला. पाणी ठरावीक तापलं की तो आपोआप सुरू होणार, गाडी हळू असो की उभी. पंख्याभोवती पत्र्याचं कडं लागत होतं, म्हणजे सगळी हवा जाळीतूनच ओढली जाईल. ते गल्लीतल्या पेट्या करणाऱ्यानं धान्याच्या कोठीच्या पत्र्यातून ठोकून दिलं. शेळीच्या दोन पाठी विकून आणलेल्या पैशात हे सगळं जेमतेम बसलं. वायरिंग तेवढं राहिलं, कारण चाचांचा इलेक्ट्रिशियन लग्नाला परगावी गेला होता. चाचा म्हणाले एक दिवस थांब. कडूबाईनं दिवस मोजले आणि थांबली नाही. वायरी जोडणं काही अवघड नाही, भोकरदनला कुणीही करेल, असं तिला वाटलं.

भोकरदनला करणारा वसंताच होता. त्यानं नवा रेडिएटर पाहिला, वायरी जोडल्या, अर्ध्या तासात मोकळा झाला. ती निघताना म्हणाला, "पितळाचा हार घातल्यानं म्हातारी नवरी होत न्हाई, मावशी."

त्याच संध्याकाळी रिकाम्या जीपनं खिंडीच्या माथ्यावर ती पोचली तेव्हा साहेबरावांचा पिकअप उभा होता. पलीकडून वाट चढून कुणीतरी येत होतं. ती रेणू होती, सोमेश्वरची बायको, लग्न होऊन दीड वर्ष झालेली. डोक्यावर कॅन, एक हात वर, दुसरा कमरेला, मान ताठ आणि पाय दगड चाचपत. तिनं चुंबळही नव्यानं वळली होती, जुन्या साडीच्या चिंधीची.

कडूबाईनं जीप आडवी लावली, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचा कॅन उतरवून घेतला. रेणूनं मान दोन्हीकडं वळवली आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिनं घामासारखं पुसलं. तिसरा दिवस होता तिचा. अजून दोन घरांनीही बायांना धाडलं होतं. कडूबाई तिला रागावली नाही. कॅन जीपमध्ये ठेवला, तिला शेजारी बसवलं आणि पिकअपवाल्याला सांगितलं, की साहेबरावांना निरोप दे, आठ दिवस सरले न्हाईत अजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, तिनं परीक्षा घेतली. दूध नव्हतं घातलं, अकराही कॅन पाण्यानं भरून घेतले. वाडी बघायला आली. खडकांवर माणसं बसली, सोमेश्वर सगळ्यांत वर. पुंजाराम शेजारच्या सीटवर होता. जीपनं नाला ओलांडला, लो गिअर टाकला, चढाला लागली. काटा निम्म्यावर आला तेव्हा पुढून पंख्याची घरघर सुरू झाली. कडूबाईच्या जिवात जीव आला.

पण काटा थांबला नाही. तो वर सरकत राहिला, पहिल्यापेक्षा लवकर. चपटा खडक अजून लांब होता तोच झाकणाजवळून वाफ आली. तिनं इंजिन बंद केलं. वरून कुणीतरी हसलं. सोमेश्वर मोठ्यानं म्हणाला की झाला ना खर्चा पाण्यात, चार दिवस बायका नेऊन राह्यल्या तर काय बिघडलं. एक-दोघांनी माना डोलावल्या. मग माणसं एकेक करून उठली आणि उतरायला लागली.

कडूबाई स्टेअरिंग धरून बसून राहिली. तिला पहिल्यांदाच वाटलं, की वसंताचं खरं असेल. चाचाही चुकू शकतात. ती पन्नाशी ओलांडलेली बाई, तिला काट्यातलं काय कळतं?

पुंजाराम मात्र मान तिरकी करून ऐकत होता. इंजिन बंद असलं तरी चावी चालू होती आणि पंखा फिरत होता. तो म्हणाला, "अगं, वारा मह्या तोंडावर कामून येत न्हाई?"

"तुमच्या तोंडावर कसा येईल? काच हाय मधी."

"काचंच्या खालून फटीतून येतो ना. पुढून ओढून मागं फेकला तर इथं गरम झळ यायला पायजे. इथं तर काहीच न्हाई."

कडूबाई खाली उतरली. वाटेकडेला पळसाचं वाळकं पान पडलं होतं, ते उचललं आणि पुढच्या जाळीसमोर धरून सोडलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडालं आणि तिच्या छातीवर आपटलं. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा उडालं. पंखा उलटा फिरत होता. इंजिनाची सगळी आग जाळीवाटे समोर ढकलत होता.

"उलटा बसवलाय," ती म्हणाली. मग वाकून मोटरीच्या वायरी पाहिल्या, "पंखा न्हाई. वायरी उलट्या जोडल्यात."

वसंतानं मुद्दाम केलं की घाईत झालं, हे तिनं त्याला पुढं कधी विचारलं नाही. वाडीत लोक आजही त्यावर वाद घालतात.

रेणू तेवढी थांबली होती. कडूबाईनं तिला घरून विळी आणि चिकटपट्टी आणायला लावली. आधी चावी बंद केली, बॅटरीची तार सोडली. पंख्याच्या मोटरीतून दोन वायरी निघत होत्या, एक लाल, एक काळी. पुंजारामच्या बोटांना अजून सगळं आठवत होतं. त्यानं चाचपून त्या बाहेर काढून धरल्या, तिनं विळीच्या पात्यानं कापल्या, टोकं सोलली, लाल काळीला आणि काळी लालला पिळून बांधली, वर पट्टी गुंडाळली. गाठी नीट बसल्या. तार पुन्हा जोडून तिनं चावी फिरवली. पाणी अजून तापलेलंच होतं, पंखा लगेच उठला. आवाज बदलला होता, जाड झाला होता. पुंजारामच्या तोंडावर गरम झळ आली तसा तो मागं सरकला आणि हसला.

तिनं पान सोडलं. ते जाळीला जाऊन चिकटलं आणि चिकटूनच राहिलं.

साडेतीन वाजले होते. वाडीत धारा काढायची वेळ झाली होती. जीप मागं घेत ती खाली उतरली, कॅनमधलं पाणी ओतून दिलं आणि घरोघर कॅन देत सांगत गेली, की दूध खव्याला घालू नका, कॅन भरा. गोजरबाई दारात बसली होती, ती म्हणाली, आज एकदा तरी पाण्यावर बघून घे बाई, दूध पुन्हा नासलं तर लोक तुला तोंड वर काढू देणार न्हाईत. कडूबाई म्हणाली, "पाण्यावर बघून झालं. आता दूधच नेणार." सोमेश्वरच्या दारात ती थांबली. तो काही बोलायच्या आत रेणूनं आतून भरलेला कॅन आणला आणि जीपमध्ये चढवला.

साडेचारला ती खिंडीला लागली. ऊन तेच, चढ तोच. लो गिअरमध्ये जीप माणसाच्या चालीनं दगडांवरून चढत होती, डावीकडं झुकत, उजवीकडं झुकत. काटा निम्म्यावर आला, पंखा उठला. काटा आणखी एक रेघ वर गेला. चपटा खडक आला. तिनं ब्रेककडं पाय नेलाही नाही. काटा तिथंच थरथरत राहिला आणि मग, वळणावर, हळूच एक रेघ खाली उतरला. पुंजारामला काटा दिसत नव्हता. ती त्याला सांगत गेली: तिथंच हाय. तिथंच हाय. उतरला.

माथ्यावर साहेबरावांचा पिकअप उभा होता. ती थांबली नाही. हात वर करून पुढं गेली.

केंद्रावर टँकरला अजून चाळीस मिनिटं होती. साहेबरावांनी नळी उजेडात धरली, दुसऱ्यांदा धरली. दूध चांगलं होतं. त्यांनी अकरा कॅन लिहून घेतले आणि म्हणाले, की आज ठीक, पण रोज जमेल का, जुनी गाडी आहे.

"रोज जमेल," कडूबाई म्हणाली. "न्हाई जमलं तर मी सांगायला येईन. तुम्ही पिकअप माथ्यावर उभा करू नका. तो दिसला की आमच्या घरातल्या पुरुषांना सोपा रस्ता सुचते."

साहेबराव यावर हसले नाहीत. पिकअप दोन दिवसांनी यायचा बंद झाला.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. तो पंखा करंट फार खातो. जीपचा जुना अल्टरनेटर त्याला पुरत नव्हता आणि पावसाळाभर कडूबाईला गाडी उतारावर उभी करून ढकलून चालू करावी लागली. चाचांकडून मोठा अल्टरनेटर बसवला तो पोळ्यानंतर. वसंता बाजारात भेटला की नजर चुकवायचा. एकदा स्वतःहून म्हणाला, की त्या दिवशी गर्दी होती. ती "असंल" म्हणाली आणि पुढं गेली.

दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या दऱ्यातल्या वाडीची माणसं तिच्याकडं आली. त्यांचंही दूध डोक्यावरच येत होतं. ते म्हणाले, आमच्या बाया कॅन घेऊन तुमच्या नाल्यापर्यंत येतील, तिथून तुम्ही न्या. कडूबाईनं नाही म्हटलं. ती म्हणाली, गाडी तुमच्या दारापर्यंत येईल, पण वाट तुम्ही करायची.

म्हणून एका रविवारी त्या वाडीचे पंधरा-वीस गडी पहारी घेऊन नाल्यात उतरले. कडूबाई काठावर उभी राहून कुठला दगड हलवायचा ते दाखवत होती. सोमेश्वरही आला होता, न बोलावता. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली, फक्त मधोमध एक मोठा धोंडा राहिला. दमलेले गडी सावलीला बसले. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, तो राहू द्या, त्याला वळसा घालून गाडी निघेल.

कडूबाई खाली उतरली, धोंड्याभोवती एकदा फिरली आणि पदर खोचला.

"निघेल," ती म्हणाली, "पण वळसा मला घालायचा न्हाई. आणा ती पहार इकडं."